ठिणगी, पडदा आणि पाव पिकोफॅरड

दिवाळी सरली की नाशिकची हवा बदलते. पावसाळाभर भिंतींना आणि कपाटांना चिकटून राहिलेली ओल निघून जाते, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज करत बारीक ठिणग्या दिसतात. मोटारीच्या दाराला हात लावताच बोटाला झटका बसतो. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलेले नातवंड आजीच्या गालाला हात लावते आणि दोघेही दचकतात. आपण हसतो आणि विसरून जातो.

संस्कृतात अंबर या पदार्थाला तृणमणी असे नाव आहे. घासला की गवताची काडी ओढून घेणारा तो मणी. ग्रीकांनी त्याच मण्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले आणि पुढे विजेला तिचे युरोपीय नाव त्यावरून मिळाले. आज आपली घरे आणि कारखाने ज्या शक्तीवर चालतात तिची पहिली ओळख माणसाला अशी घर्षणातून झाली. तृणमणीच्या काळात ही शक्ती एक गंमत होती. आज तिच्या वाटेत इतक्या नाजूक वस्तू येऊन बसल्या आहेत की गंमत उरलेली नाही.

या नाजूक वस्तूंपैकी एकीविषयी हा लेख आहे. संगणकाकडून पडद्याकडे चित्र नेणाऱ्या वेगवान तारा आणि त्यांच्या टोकाशी बसलेल्या चिपा या ठिणगीने मरतात. त्यांना वाचवण्यासाठी मोहरीएवढा एक भाग बसवतात. तो भाग कोणता निवडायचा, हा प्रश्न वरवर पाहता कॅटलॉग चाळून सुटण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यात एक जुने कोडे दडलेले आहे. पहारेकरी असा हवा की चोराला तो डोंगरासारखा आडवा यावा आणि घरच्या माणसाला मात्र तो तिथे आहे हे कळूही नये.

न जाणवणारी ठिणगी

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. हवा दमट असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो आणि त्यावरून हा भार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी झाली की ही वाट बंद होते आणि भार साचत जातो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका जुन्या हस्तपुस्तिकेतले आकडे या क्षेत्रात सर्वत्र सांगितले जातात. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत सुमारे १,५०० व्होल्ट साचतात, तर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत. व्हिनाइलच्या फरशीवर हेच आकडे अनुक्रमे २५० आणि १२,००० आहेत. माणूस तोच, चालही तीच. फरक फक्त हवेचा.

पस्तीस हजार व्होल्ट ऐकून प्रश्न पडतो की माणूस जिवंत कसा राहतो. उत्तर भाराच्या प्रमाणात आहे. मानवी शरीर विजेच्या दृष्टीने एक लहानसे धारित्र आहे. त्याची धारिता शंभर-दीडशे पिकोफॅरड धरतात. १५० पिकोफॅरडवर ८,००० व्होल्ट साचले तर साठलेली ऊर्जा होते ४.८ मिलिज्यूल. अर्ध्या ग्रॅमचा बेदाणा जमिनीवरून एक मीटर वर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. माणसाला तिने काही होत नाही. पण ही बेदाण्याएवढी ऊर्जा ज्या वेगाने बाहेर पडते, तो वेग भयंकर आहे.

हा वेग मोजण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०००-४-२. भारतीय मानकांत ते आयएस १४७०० या मालिकेत येते. त्यात एक बंदूक वापरतात. बंदुकीत १५० पिकोफॅरडचे धारित्र आणि ३३० ओहमचा रोध असतो. धातूला थेट टेकवून २, ४, ६ आणि ८ किलोव्होल्ट अशा पायऱ्यांनी ठिणगी सोडतात, तर हवेतून १५ किलोव्होल्टपर्यंत. ८ किलोव्होल्टच्या ठिणगीत प्रवाह एका नॅनोसेकंदाच्या आत ३० अँपिअरवर जातो. तीस नॅनोसेकंदांनी तो १६ अँपिअर असतो आणि साठ नॅनोसेकंदांनी ८. घरातला गिझर दहा-पंधरा अँपिअर घेतो, हे आठवले की आकडा मनात बसतो. आकाशातल्या विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो, पण तो चढायला काही मायक्रोसेकंद घेतो. केवळ चढण्याचा वेग पाहिला तर दाराच्या मुठीवरची ही ठिणगी त्या विजेच्या पंक्तीत बसते.

आणखी एक गोष्ट. माणसाला ठिणगी जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याखालच्या ठिणग्या आपल्याला कळतही नाहीत, पण चिपांना कळतात. ‘मला तर काही झटका बसला नाही’ हे वाक्य दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार ऐकू येते. ते खरे असते, आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही.

चिप बनवणारे तिच्या पोटात थोडे संरक्षण घालतातच. माहितीपत्रकात ‘२ किलोव्होल्ट’ असा आकडा छापलेला असतो आणि तो वाचून अनेकांना वाटते की आठच्या तुलनेत दोन म्हणजे चौथा हिस्सा तरी आहे. पण ही दोन वेगळी मापे आहेत. चिपच्या चाचणीत १०० पिकोफॅरडचे धारित्र १,५०० ओहममधून सोडतात. २,००० भागिले १,५०० म्हणजे जेमतेम १.३ अँपिअर. बाहेरची बंदूक सोडते ३० अँपिअर. म्हणजे खरा फरक वीसपटीहून मोठा आहे. चिपच्या पोटातले संरक्षण कारखान्यात हाताळणी होताना तिने तग धरावा एवढ्यासाठीच आहे. गिऱ्हाईकाच्या हातून येणारी ठिणगी तिने बाहेरच्या मदतीशिवाय झेलावी, अशी तिच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते.

पडद्याकडे जाणारी वाट

आता ज्या तारेचे रक्षण करायचे तिच्याकडे पाहू. घरातल्या दूरचित्रवाणी संचामागे असते ती एचडीएमआयची खाच उदाहरणादाखल घेतो.

‘फुल एचडी’ चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके दिसतात. कडेचा न दिसणारा भाग धरून प्रत्येक चित्राचा हिशेब २,२०० गुणिले १,१२५ असा होतो. सेकंदाला साठ चित्रे धरली तर १४.८५ कोटी ठिपके. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांना प्रत्येकी एक तारांची जोडी दिलेली असते आणि प्रत्येक ठिपक्यामागे त्या जोडीवरून दहा बिटे जातात. म्हणजे एका जोडीवरून सेकंदाला १४८.५ कोटी बिटे. एका बिटाच्या वाट्याला येतात ६७३ पिकोसेकंद. चित्र ‘फोर के’ झाले की एका जोडीवरचा वेग सेकंदाला सुमारे ६०० कोटी बिटांवर जातो आणि बिटाला उरतात १६८ पिकोसेकंद. एचडीएमआयच्या २.१ या आवृत्तीत वेग प्रत्येक जोडीवर १,२०० कोटींपर्यंत आहे. तिथे बिटाचे आयुष्य ८३ पिकोसेकंदांचे.

हे आकडे लांबीत मांडले की चित्र स्पष्ट होते. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे फुल एचडीचे एक बिट रेषेवर सुमारे दहा सेंटिमीटर लांब असते, फोर केचे अडीच आणि सर्वांत वेगवान आवृत्तीचे सव्वा सेंटिमीटर. बिटे रेषेवर एकामागे एक, वारकऱ्यांच्या दिंडीसारखी चाललेली असतात. वाटेत एखादा खड्डा आला की पुढचा अडखळतो आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळतो.

दोन तारांच्या जोडीत एकीवर जे जाते त्याच्या उलट दुसरीवर जाते. घेणारी चिप दोहोंतला फरक पाहते. त्यामुळे बाहेरून दोन्ही तारांवर सारखाच गोंधळ आला तर तो वजाबाकीत निघून जातो. संदेशाचा चढउतार अर्ध्या व्होल्टच्या आसपासच असतो. शिवाय जोडीचा इम्पिडन्स टोकापासून टोकापर्यंत १०० ओहम ठेवावा लागतो. मध्येच तो बदलला की संदेशाचा काही भाग भिंतीवर आपटलेल्या आवाजासारखा मागे फिरतो.

पहारेकऱ्याचे वजन

या वाटेवर पहारेकरी उभा करायचा आहे. त्याला टीव्हीएस डायोड म्हणतात. तो तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसतो. नेहमीच्या व्होल्टेजला तो स्वस्थ असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की नॅनोसेकंदाच्या आत तो वाट उघडतो आणि ठिणगीचा प्रवाह ग्राउंडमध्ये लोटतो.

अडचण अशी की स्वस्थ बसलेल्या डायोडलाही धारिता असते. एखादा लहानसा हंडा नळाला कायमचा जोडून ठेवावा तसे ते आहे. प्रत्येक बिटाला तो हंडा भरावा लागतो आणि रिकामा करावा लागतो. मोठा प्रवाह झेलायचा तर डायोडचे क्षेत्रफळ मोठे हवे, आणि क्षेत्रफळ वाढले की हंडाही मोठा होतो. सामर्थ्य आणि अदृश्यता यांची ही ओढाताण या सगळ्या निवडीच्या मुळाशी आहे.

हिशेब साधा आहे. जोडीतल्या एका तारेला दोन्ही बाजूंनी ५० ओहम दिसतात, म्हणजे हंड्याच्या दृष्टीने २५. हे २५ ओहम गुणिले धारिता गुणिले २.२ केले की चढायला लागणारा वेळ येतो. वीजपुरवठ्याच्या तारांवर वापरतात तसल्या ३० पिकोफॅरडच्या भागाला १,६५० पिकोसेकंद लागतील. बिटाचे सगळे आयुष्य ६७३चे, तेव्हा चित्र येणारच नाही. ५ पिकोफॅरडचा भाग २७५ पिकोसेकंद घेतो. आखूड केबलवर चित्र दिसेल, लांब केबलवर पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतील. फोर केसाठी तर हा भाग बादच. ०.३ पिकोफॅरडला लागतात साडेसोळा पिकोसेकंद आणि पाव पिकोफॅरडला चौदाच्या आसपास. ८३ पिकोसेकंदांच्या बिटालाही एवढा भार सोसवतो. आजच्या वेगवान तारांसाठी निवड या पाव-अर्ध्या पिकोफॅरडच्या घरात होते ती यामुळे.

एवढ्याशा धारितेत ३० अँपिअर झेलणारा भाग बनतो कसा? त्यात एक जुनी युक्ती आहे. दोन धारित्रे एकापुढे एक जोडली की एकूण धारिता त्यांतल्या लहानाहूनही कमी होते. म्हणून मोठ्या, दणकट डायोडच्या पुढे एक छोटा, कमी धारितेचा डायोड ठेवतात. तारेला फक्त छोटा दिसतो. ठिणगी आली की छोटा दार उघडतो आणि जोर मोठा झेलतो.

चार प्रश्न

भाग निवडताना मी माहितीपत्रकाला चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न कामाच्या व्होल्टेजचा. एचडीएमआयच्या वेगवान जोड्या ३.३ व्होल्टच्या आधाराने चालतात. त्या व्होल्टेजला डायोड पूर्ण स्वस्थ हवा. पण ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून बारा व्होल्टचा भाग घेतला, तर तो दार उशिरा उघडतो आणि तोवर मागच्या चिपला सोसावे लागते.

दुसरा प्रश्न धारितेचा. त्याचे गणित वर झालेच. फक्त एवढेच जोडतो की जोडीतल्या दोन्ही तारांना सारखीच धारिता मिळाली पाहिजे. एकीला जास्त आणि दुसरीला कमी झाली तर दोघींची पावले चुकतात आणि वजाबाकीचा फायदा जातो. म्हणून एकाच आवरणात चार किंवा अधिक तारांचे संरक्षण करणारे भाग सोयीचे पडतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो. माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘१५ किलोव्होल्ट’ किंवा ‘२० किलोव्होल्ट’ लिहिलेले असते. तो आकडा पहारेकरी स्वतः किती मार खाऊन जिवंत राहतो याचा आहे. घर वाचते की नाही याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. त्यासाठी पाहायचे ते हे, की डायोड प्रवाह झेलत असताना त्याच्या टोकांवर किती व्होल्टेज शिल्लक राहते. कारण तेवढे व्होल्टेज मागच्या चिपला दिसते. समजा डायोड ७ व्होल्टला दार उघडतो आणि उघडल्यावर त्याचा गतिक रोध अर्धा ओहम आहे. १६ अँपिअर वाहताना ७ अधिक ८, म्हणजे १५ व्होल्ट राहतील. रोध एक ओहम असेल तर २३ व्होल्ट. दोन्ही भाग बाहेरून सारखे दिसतात, दोघांवरही ठळक अक्षरांत तोच किलोव्होल्टचा आकडा असतो. पण एकामागची चिप वाचते आणि दुसऱ्यामागची मरते.

चौथा प्रश्न थोडा आडवळणाचा. शिल्लक व्होल्टेज आणखी कमी करण्यासाठी काही भाग असे बनवतात की ते एकदा उघडले की व्होल्टेज एकदम खाली, दीड-दोन व्होल्टवर ओढून आणतात. गुण चांगला आहे. पण ठिणगी गेल्यावर दार बंद होण्यासाठी प्रवाह ठरावीक मर्यादेखाली यावा लागतो. एचडीएमआयच्या तारेला ३.३ व्होल्टचा आधार ५० ओहममधून मिळतो. डायोड दीड व्होल्टला धरून बसला तर १.८ भागिले ५०, म्हणजे ३६ मिलिअँपिअर प्रवाह त्याला मिळतच राहतो. दार उघडे राहायला तेवढा प्रवाह पुरत असेल तर ते उघडेच राहते. ठिणगी केव्हाच संपलेली असते, चिप शाबूत असते, तरी पडदा काळा राहतो आणि वीज बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत काळाच राहतो. म्हणून अशा भागाचा धारक प्रवाह तारेच्या हिशेबात बसतो का, हे आधीच तपासावे लागते.

एचडीएमआयच्या एकोणीस टोकांपैकी बारा टोके या चार वेगवान जोड्यांची आणि त्यांच्या आवरणांची. उरलेली सात हळू तारांची: पडद्याची ओळख विचारणारी, पडदा जोडला गेल्याचे कळवणारी, पाच व्होल्ट देणारी वगैरे. यांच्यावर मोठ्या धारितेचे, स्वस्त भाग चालतात. मात्र त्यांना उघडे सोडून चालत नाही. ठिणगीला वेगवान तार आणि हळू तार यांतला भेद कळत नाही.

एक मिलिमीटर

उत्तम भाग निवडला आणि चुकीच्या जागी बसवला तर पैसे पाण्यात जातात. बोर्डावरच्या बारीक रेषेला दर मिलिमीटरमागे जवळजवळ एक नॅनोहेन्री प्रवर्तकता असते. नेहमीच्या कामात तिच्याकडे दुर्लक्ष करता येते. पण ३० अँपिअर ०.८ नॅनोसेकंदात चढणार असतील, तर एका नॅनोहेन्रीवर ३७ व्होल्ट उभे राहतात. डायोडपासून ग्राउंडपर्यंतची वाट पाच मिलिमीटर लांब ठेवली तर सुमारे १८५ व्होल्ट. आपण पंधरा आणि तेवीस व्होल्टमधला फरक निवडण्यासाठी माहितीपत्रके पालथी घालतो आणि इकडे रेषेचे पाच मिलिमीटर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज आत सोडतात.

म्हणून नियम दोन. डायोड कनेक्टरला अगदी लागून, ठिणगी आत शिरताच तिला भेटेल असा. आणि त्याची ग्राउंडची वाट सरळ खाली, जवळच्या छिद्रांतून. संदेशाची रेषा डायोडच्या पायावरून थेट पुढे जावी. तिला बाजूला फाटा काढून त्याच्या टोकाला डायोड लटकवू नये. वाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारा असतो तो याच तर्काने. माजघरात उभा असलेला पहारेकरी कितीही शूर असला तरी चोर तोवर ओटीवर आलेला असतो.

द्राक्षांच्या दिवसांत

हे सगळे कागदावरचे शहाणपण नाशिकच्या मातीत कुठे लागते, ते एका कामावरून सांगतो. संबंधितांची नावे घेत नाही.

नाशिक जिल्ह्यातला द्राक्षनिर्यातीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा असतो, म्हणजे नेमके हवा सर्वांत कोरडी असण्याचे दिवस. दुपारची आर्द्रता कित्येकदा तीस टक्क्यांच्या खाली जाते. दिंडोरी भागातल्या एका पॅकहाऊसमध्ये वजनकाट्यांवर फुल एचडीचे पडदे लावले होते. समोर सरकता पट्टा, प्लास्टिकचे पनेट, प्लास्टिकचे क्रेट, पातळ फिल्मचे रोल, बायकांच्या हातांत मोजे, पायांत रबरी चपला. भार तयार करणारे यंत्र मुद्दाम बनवायचे ठरवले असते तरी याहून चांगले जमले नसते.

पावसाळ्यात घेतलेल्या चाचण्यांत सगळे पडदे नीट चालले होते. फेब्रुवारीत ते एकेक करून जाऊ लागले. काही क्षणभर काळे होऊन परत येत, काही कायमचे गेले. दोष अर्थातच लाइटवर ढकलला गेला. स्टॅबिलायझर आला, यूपीएस आला, पडदे जातच राहिले. इकडे पट्टा थांबला की खुडलेली द्राक्षे क्रेटमध्ये वाट पाहत बसतात. ती वेळेत प्रीकूलिंगला गेली नाहीत तर देठ सुकू लागतो, आणि न्हावाशेव्याला जाणारा कंटेनर कोणासाठी थांबत नाही. पॅकिंग करणाऱ्या बायकांचा दिवसही बसून जातो.

मेलेले पडदे उघडले तेव्हा दोन खुणा दिसल्या. वीजपुरवठ्याचा भाग प्रत्येकात धडधाकट होता, मेली होती ती फक्त चित्र घेणारी चिप. आणि बिघाडांच्या नोंदी बहुतेक दुपारच्या होत्या, हवा सर्वांत कोरडी असते त्या वेळच्या. बोर्डावर कनेक्टरजवळ संरक्षक भागासाठी जागा छापलेली होती, पण ती रिकामी होती. आराखड्यात तिथे ५ पिकोफॅरडचा भाग लिहिलेला सापडला. लांब केबल लावल्यावर चित्रात ठिपके येतात म्हणून तो बनवणाऱ्यांनी काढून टाकला होता आणि ठिपके गेले होते. हिशेबाने पाहता दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. भाग चुकीचा होता, म्हणून ठिपके येत होते. पण तो काढल्यावर त्या जागी योग्य भाग बसवायचा राहिला. पहारेकरी जाड म्हणून दारात अडत होता. त्याला घरी पाठवले आणि दार उघडे ठेवले.

उपाय वरच्या चार प्रश्नांतून निघाला. ०.३ पिकोफॅरडचा, ३.३ व्होल्टच्या तारांवर अडकून न राहणारा, अर्ध्या ओहमच्या आसपास गतिक रोध असलेला भाग निवडला. ग्राउंडची वाट आखूड केली. कनेक्टरचे धातूचे कवच पडद्याच्या धातूच्या चौकटीला नीट जोडले, म्हणजे चौकटीला लागलेली ठिणगी तारांकडे न वळता बाहेरूनच निघून जावी. मग ऑसिलोस्कोपवर, भाग बसवण्याआधी आणि नंतर, बिटांचे एकावर एक ठेवलेले चित्र पाहिले. त्याला डोळा म्हणतात, आणि तो उघडा दिसला की संदेश सुखरूप आहे असे समजतात. डोळा जवळजवळ तसाच उघडा राहिला. शेवटी बंदुकीची चाचणी, ८ किलोव्होल्टवर दोन्ही ध्रुवांच्या दहा-दहा ठिणग्या. अशी चाचणी मुंबईची ‘समीर’ किंवा पुण्याची ‘एआरएआय’ यांसारख्या संस्थांकडे होते. नाशिकच्या लहान कारखानदाराला त्यासाठी बहुधा घाट उतरून किंवा पुणे गाठून यावे लागते.

पुढच्या हंगामात दोनदा पडदा क्षणभर काळा होऊन आपोआप परत आला. कायमचा एकही गेला नाही. मानकाच्या भाषेत निकालाच्या चार पायऱ्या आहेत: काहीच झाले नाही, झाले पण आपोआप सावरले, माणसाला हात लावून सावरावे लागले, आणि कायमचे बिघडले. पडद्याच्या बाबतीत दुसरी पायरी सहसा मान्य होते. पण तीच पायरी एखाद्या शस्त्रक्रियागृहातल्या पडद्याला चालेल का, हे डायोडच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते त्या पडद्यावर कोणाचे काय अवलंबून आहे यावरून ठरवावे लागते. वैद्यकीय उपकरणांच्या मानकात थेट ८ आणि हवेतून १५ किलोव्होल्ट मागितले आहेत, ते उगीच नाही.

हवा आणि प्रमाणपत्र

प्रयोगशाळेतल्या चाचणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. मानकानुसार हवेतून ठिणगी सोडताना खोलीची आर्द्रता ३० ते ६० टक्क्यांत असावी लागते. नाशिकची फेब्रुवारी-मार्चची दुपार त्या पट्ट्याच्या खाली सहज जाते. चाचणीत बंदुकीवर किती व्होल्ट ठेवायचे ते आपण ठरवतो, पॅकहाऊसमध्ये ते हवा ठरवते. म्हणून प्रमाणपत्र ही किमान पातळी समजावी आणि हवेशीही थोडा समझोता करावा. सरकत्या पट्ट्याच्या चौकटीला नीट अर्थिंग, फिल्मच्या रोलजवळ भार शमवणारे आयनकारी यंत्र, बोर्ड हाताळणाऱ्याच्या मनगटाला पट्टा. या मनगटी पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. साचलेला भार त्यातून सावकाश निघून जातो आणि चुकून घरगुती विजेला हात लागला तरी माणसातून घातक प्रवाह वाहत नाही. ओझरच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांच्या पंखांमागे बारीक कुंचल्यांसारख्या काड्या असतात, त्यांचेही काम हेच. हवेशी घासून साचलेला भार ठिणगी न होता हळूहळू हवेत सोडून देणे.

चिपांच्या अंतर्भागातल्या रेषा दर पिढीला बारीक होत आहेत आणि वेग वाढतो आहे. वेगासाठी चिपच्या पोटातले संरक्षणही कमी करावे लागते. धारितेचा तोच हंडा तिथेही आडवा येतो. चिपांच्या उद्योगातल्या तज्ज्ञांनीच काही वर्षांपूर्वी चिपसाठीचे जुने २ किलोव्होल्टचे लक्ष्य १ किलोव्होल्टवर आणण्याची शिफारस केली, कारण नीट सांभाळलेल्या कारखान्यात तेवढे पुरते. कारखान्यात पुरते, हे खरे. पण वस्तू कारखान्यात राहत नाही. ती पुढे दिंडोरीला, पिंपळगावला, लासलगावला जाते, जिथे जमीन व्हिनाइलची, चपला रबरी आणि हवा माघ-फाल्गुनाची असते.

म्हणून यंत्रावरचा पडदा विकत घेताना विक्रेत्याला किंमत आणि वॉरंटी यांच्यापलीकडे आणखी तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. चित्राच्या तारांवर संरक्षक भाग आहे का, त्याची धारिता किती आहे, आणि ठिणगीच्या चाचणीत पडदा आपोआप सावरला की कोणाला तरी बटण दाबावे लागले. पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. दुसऱ्याचे उत्तर आकड्यात मिळाले तर समजावे की समोरच्याने विचार केला आहे. तिसऱ्याचे उत्तर चाचणीच्या अहवालात लेखी मागावे, आणि ते पावसाळ्यात न मागता हवा कोरडी होण्याच्या आधी, कार्तिकातच मागावे.